चोवीसशे सेकंद

९ मार्च

चि.,

हा शब्द सवयीनं पडला. खोडायचा तर नवा कागद घ्यावा लागेल, आणि तुझ्यासाठी एकाहून जास्त कागद वाया घालवायची माझी तयारी नाही.

सहा वर्षांनी मावशीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला मायेचा उमाळा वगैरे आलेला नाही. नदीवरच्या त्या इस्पितळानं मला तुझ्या बिनतारी लिंकची बाहेरची तपासनीस नेमलं आहे. आपलं नातं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. व्यवस्थापक हसून म्हणाले, "मग तर बरंच झालं, बाई. घरचं माणूस सांभाळून घेईल." मी म्हटलं, "तुम्ही आमचं घर पाहिलेलं नाही."

तुझा अहवाल वाचला. एकशे साठ पानं. अँटेनाचे फोटो चार, तुझे नऊ. सत्त्याण्णवाव्या पानावर जाड अक्षरात तो आकडा आहे, ज्याच्यासाठी बाकीची पानं छापली: नव्वद दिवसांच्या अखंड चाचणीत लिंक ९९.९८ टक्के वेळ उपलब्ध. म्हणजे दिवसाला फक्त सतरा सेकंद बंद. व्वा! माझ्या घरातला नळसुद्धा इतका शब्दाचा पक्का नाही.

काय पणाला लागलं आहे ते तुला पुन्हा सांगते, कारण तुझ्या अहवालात 'रुग्ण' हा शब्द एकदाच येतो, आणि तोही आभाराच्या पानावर. नदीच्या अलीकडे जुनी इमारत, तिथे पेशी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात. पलीकडे नवी इमारत, तिथे शस्त्रक्रिया होतात. सर्जन गाठ काढतो, तिच्या कडेचा तुकडा तिथेच गोठवून, चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, आणि त्याचं चित्र नदी ओलांडून बाईंच्या पडद्यावर येतं. माणूस टेबलावर उघडा पडलेला असतो. बाई चित्र पाहतात आणि सांगतात: अजून कापा, किंवा पुरे. आज हे चित्र जुन्या पुलावरून गेलेल्या केबलीतून येतं. पूल पंधरा एप्रिलला पाडणार आहेत. अठ्ठावीस मार्चला इस्पितळाची समिती बसेल आणि ठरवेल की आधी नदीखालून नवी केबल टाकायची आणि मग पूल पाडायचा, की केबलीचा नाद सोडून सगळं तुझ्या हवेतल्या लिंकवर सोपवायचं. तुझा आकडा खरा असेल तर केबल हवी कशाला?

तुझा आकडा खोटा आहे.

जुन्या इमारतीच्या गच्चीवर एक फिटर असतो. तीस वर्षं तिथेच आहे. मी त्याला विचारलं, लिंक कशी चालते? तो म्हणाला, "चालते की. दुपारी तेवढी वामकुक्षी घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवण झालं की तुमच्या डबड्यावरचा हिरवा दिवा जातो. अर्ध्यापाऊण तासानं येतो परत. ऊन असलं की हमखास. मी सांगितलं होतं तुमच्या पोरांना. ते म्हणाले, काका, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मी तुझ्या मूळ नोंदी मागवल्या आणि मोजल्या. यंत्र सेकंदाला एक नोंद लिहितं. दिवसाचे सेकंद शाळेतल्या पोरालाही माहीत असतात: शहाऐंशी हजार चारशे. उन्हाच्या दिवशी तुझ्याकडे नोंदी आहेत चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास. उरलेले चोवीसशे सेकंद गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. लिंक तुटलेली असताना यंत्र नोंदच करत नाही. कुणा शहाण्यानं प्रोग्रॅम तसा लिहून ठेवला आहे: सिग्नल पकडलेला असेल तरच लिही. मग तू लिहिलेल्या नोंदींची टक्केवारी काढलीस आणि छाती फुगवलीस. मास्तरांनी फक्त 'हजर' म्हणणाऱ्यांची नावं पटावर घ्यावीत आणि जाहीर करावं की वर्गात शंभर टक्के हजेरी आहे, तसा हा प्रकार. तुझ्या खोलीत अकरा पदवीधर बसतात. त्यांतल्या एकालाही नोंदी मोजायचं सुचलं नाही?

अठ्ठावीसच्या आत समितीला लिही, की आकडा मागे घेतो. तुझ्या हातानं. मी तुला ही संधी देते आहे, उपकार म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

— तपासनीस


१४ मार्च

चि.,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. दुवा तुटलेला असताना नोंद करायची नाही, हा तुमचा स्वभावच दिसतो.

काल मी स्वतः गच्चीवर गेले. एकशे अठरा पायऱ्या. गुडघ्यांनी मला शिव्या दिल्या, मी तुला. फिटरनं खांबाच्या टोकापासून ओळंबा सोडला, तळाशी पाटीवर पेन्सिलीनं खूण केली, आणि आम्ही दोघं उपड्या बादल्यांवर बसून राहिलो. साडेअकराला ओळंबा खुणेवर. एकला सेंटिमीटरभर सरकलेला. दोनला तीन सेंटिमीटर. हिरवा दिवा एक पन्नासला गेला. अडीचला पाण्याच्या टाकीची सावली खांबावर आली आणि खांब, शिक्षा संपलेल्या पोरासारखा, हळूहळू सरळ झाला. दिवा आला.

बारा मीटर उंच लोखंडी खांब. एका बाजूनं ऊन, दुसऱ्या बाजूनं सावली. तापलेली बाजू वाढते, खांब वाकतो. पाव अंश. इथे तीन सेंटिमीटर, आणि आठशे मीटर पलीकडे तुझा झोत जवळपास चार मीटर बाजूला. तुझा झोतच मुळात चार मीटर रुंद! नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे, आणि नाचणारा छापतो आहे की मी उत्तम नाचलो.

फिटर म्हणाला, "बाई, लोखंड उन्हात वाकतं हे काय शिकायला लागतं?" मी म्हटलं, "लागतं. पण जास्त शिकलं की विसरायला होतं."

तुला वाटेल म्हातारीला नव्या विद्येचा मत्सर वाटतो. मूर्खा, ती विद्या माझी आहे. रेडिओच्या लहरी आणि उजेड यांच्या मधली ती पडीक जमीन, जिला तू आता टेराहर्ट्झ म्हणून व्यासपीठावर हार घालतोस, तिथले दगड आम्ही वेचले. खालून येणारं इलेक्ट्रॉनिक्स तिथे पोचेपर्यंत धापा टाकतं, वरून येणारा प्रकाश तिथे उतरायला राजी नसतो. माझ्या उमेदीत टेबलभर यंत्र मांडलं तर त्यातून डासाच्या गुणगुणण्याएवढी ताकद निघायची. तू ते यंत्र नखाएवढं केलंस आणि ताकद कित्येक पटींनी वाढवलीस. हे मी मान्य करते. दात-ओठ खाऊन करते, पण करते. सेकंदाला शंभर अब्ज बिट, आठशे मीटर, मोकळ्या हवेत. हे काम आहे. थट्टा नाही.

पण हवेत पाणी असतं रे. आणि पाण्याची वाफ या लहरी अशी खाते, की जणू तिच्यासाठीच पान वाढलं आहे. काही ठरावीक जागी फार खाते, मध्ये मध्ये कमी. त्या कमी खाण्याच्या जागांना आपण खिडक्या म्हणतो. शहाणा माणूस खिडकीच्या मधोमध उभा राहतो. तुला आकडा मोठा हवा होता, म्हणून तू चौकटीला खांदे घासेपर्यंत पसरलास. कोरड्या दिवशी खपून जातं. आणि चाचणीला तू नव्वद दिवस कोणते निवडलेस? वर्षातले सगळ्यांत कोरडे. पोहण्याची परीक्षा सतरंजीवर.

आणि ही साखळी तर तुला पाठ आहे, मीच करून घेतली होती: ताकद थोडी, म्हणून झोत बारीक, झोत बारीक, म्हणून नेम अचूक, नेम अचूक, म्हणून खांब हलता कामा नये. खांब तर हलणारच. वाऱ्यानं हलेल, उन्हानं हलेल. मग झोतानंच आपल्या आपण नेम धरायला शिकलं पाहिजे. इतक्या वरच्या लहरींवर असा आपोआप वळणारा झोत कागदावर साऱ्या जगाकडे आहे, गच्चीवर कुणाकडेच नाही. हा तुझा एकट्याचा दोष नाही. 'अजून जमलेलं नाही' असं म्हणायची लाज वाटणं, हा मात्र तुझा स्वतःचा.

सहा वर्षांपूर्वी त्या मोठ्या सभागृहात तू दोनशे मीटरचा विक्रम जाहीर केलास, तेव्हा मी उठून एवढंच विचारलं होतं की चाचणी घेतली त्या दालनात आर्द्रता किती होती. तू माइकवरून म्हणालास, "मावशी, ते आपण घरी बोलू." सातशे माणसं हसली. मी घरी आले आणि बोलायला कुणी आलं नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मावशी जगली आहे. आणि मोजते आहे.

डॉक्टरीणबाईंनाही भेटले. त्यांना विचारलं, दुपारी चाळीस मिनिटं चित्र आलं नाही तर काय कराल? त्या म्हणाल्या, "मी काय करणार? मी इथे, तो माणूस तिकडे. पूल नसेल तर तुकडा गाडीनं वळसा घालून आणायला पाऊण तास. सर्जन अंदाजानं कापेल. अंदाजानं जास्त कापलं तर माणूस आयुष्यभर भोगतो, कमी कापलं तर गाठ परत येते." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पण अहवालात तर दिवसाला सतरा सेकंदच लिहिलंय ना?"

मी काही बोलले नाही. का बोलले नाही, हे तुला सांगायला मी बांधलेली नाही. समितीपुढे बोलायचं ते तिथेच बोलेन.

प्रोग्रॅम कुणी लिहिला हा इथे मुद्दा नाही. आकड्याखाली सही तुझी आहे.

— तपासनीस


१९ मार्च

चि.,

तुझ्या कचेरीतून पाकीट आलं. मला वाटलं, उत्तर. निघाली गुळगुळीत पुस्तिका, 'अदृश्य महामार्ग', आणि सोबत तुझ्या मदतनीस बाईंची चिठ्ठी: आपल्या आस्थेबद्दल आभार. आस्था! मी तुला दोन पत्रांत शिव्या घातल्या आणि तुमच्याकडे त्यांची नोंद आस्थेच्या खात्यात झाली. तुमच्या यंत्रात काहीही घाला, बाहेर शंभर टक्केच येतं.

पुस्तिका मी वाचली. हो, सगळी. मुखपृष्ठावर एक मूल, डोळे मिटलेलं, त्याच्या डोक्याभोवती निळी वर्तुळं. आत शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, 'प्रत्यक्ष कामगिरी परिस्थितीनुसार बदलू शकते'. साऱ्या पुस्तिकेत खरं असं हे एकच वाक्य, आणि ते वाचायला मला भिंग लागलं. आमच्या पिढीत खोटं बोलणारे खोटं बोलायचे आणि रात्री कूस बदलायचे. तुमची पिढी खरं बोलते, पण बारीक छापते.

काल तुझी आई आली होती. चप्पल न काढताच दारात उभी राहून म्हणाली, "ताई, का छळतेस माझ्या पोराला?"

"तुझा पोर छळण्याएवढा महत्त्वाचा नाही. आत ये."

"जेवत नाहीये तो नीट."

"मग त्याला सांग, पत्राला उत्तर दे आणि जेव."

ती बसली. पाणी प्यायली. मग तिनं, तुझ्या आईनं, जिनं अकरावीनंतर भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, तिनं मला विचारलं, "तू म्हणतेस आकडा चुकलाय. तुला नेमलंय त्यासाठीच. मग सरळ समितीला लिहून टाक ना. त्याला कशाला पत्रांवर पत्रं?"

"त्याला संधी देतेय. स्वतःहून कबूल करण्याची."

"तू?" ती म्हणाली. "तू कधी कुणाला संधी दिलीस, ताई? शेजारच्यांनी कचऱ्याचा डबा दारात ठेवला तर तू त्यांना विचारायच्या आधी सोसायटीला पत्र लिहिलंस."

मी तिला म्हटलं, तो वेगळा प्रश्न आहे. शिस्तीचा प्रश्न आहे. बरंच काही म्हटलं. मला बोलता येतं हे तुला माहीत आहे. सत्य, विज्ञान, सार्वजनिक जबाबदारी, सगळं झालं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "लहानपणी तू माझी पाटी फोडली होतीस, तेव्हाही असंच भाषण केलं होतंस."

नऊ दिवस उरले आहेत. लिही.

— मावशी


२३ मार्च

बाळ,

तुझं उत्तर पोचलं. अक्षर अजून तसंच, शाईत पाय बुडवून उंदीर पळाल्यासारखं. तीन वाक्यं. मी ती पुन्हा इथे लिहिते, म्हणजे आपल्या दोघांपैकी कुणालाही पुढे नाही म्हणता येणार नाही.

'मावशी, नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम तुझा आहे, ओळ एकशे बारा. तुझ्या प्रयोगशाळेतून निघताना मी तेवढाच बरोबर आणला होता. तू लिहिलेला म्हणून मी तो कधी उघडून पाहिला नाही.'

हे मला माहीत होतं. नऊ तारखेपासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला त्या नोंदींतली गोम सापडायला महिना लागला असता, मला दहा मिनिटं लागली. कुठे पाहायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. 'कुणा शहाण्यानं लिहून ठेवला आहे', असं मी तुला लिहिलं. ती शहाणी मी.

एकवीस वर्षांपूर्वी आम्ही बंद पेटीत, आतली सगळी ओल काढून, कोरडा नायट्रोजन भरून, त्या डासाएवढ्या स्रोताची खरखर मोजत होतो. सिग्नल पकडलेला नसेल तेव्हा मोजलेली खरखर म्हणजे निव्वळ कचरा. साठवायला जागा थोडी होती. म्हणून मी लिहिलं: पकड नसेल तर नोंद करू नकोस. त्या कामापुरती ती ओळ बरोबर होती. तिच्यावर एक सूचना लिहायला हवी होती, की ही ओळ या पेटीबाहेर वापरू नये. नाही लिहिली. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली नाही म्हणून मी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढत असे. तुलाही काढलं होतं एकदा.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी भिंग घेऊन बसले होते. आपल्या डोळ्यातलं मुसळ मी पत्रामागून पत्रात पदराखाली लपवत होते. तुझ्या आईनं ते दारातूनच ओळखलं. मी समितीला लिहिलं नाही कारण समितीनं पहिला प्रश्न विचारला असता, प्रोग्रॅम कुणाचा? तू आपणहून आकडा मागे घेतला असतास तर तो प्रश्न निघालाच नसता. एवढंच. तुला संधी देणं वगैरे सगळी कीर्तनं होती.

म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. 'तू लिहिलेला म्हणून उघडला नाही.' हे वाक्य मला गोड वाटेल असं तुला वाटलं का? तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवली: कुणाच्याही नावावर विश्वास ठेवू नका, मोजा. त्या एकाच धड्यात तू नापास झालास, आणि तोही माझ्या नावावर! माझी सगळी मतं टाकलीस, माझा प्रश्न सातशे माणसांत हसण्यावारी नेलास, आणि ठेवलंस काय, तर माझी चूक. तपासायची होतीस. मला चुकीची ठरवायची एवढी हौस होती तर ती ओळ वाचायची होतीस. सहा वर्षांपूर्वीच जिंकला असतास.

हा राग खरा आहे. पण तो नंतर आला. आधी मी तुझं पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मला कळलं नाही.

अहवाल आज पुरा केला. त्यात खांब आहे, ओळंबा आहे, फिटरचं म्हणणं आहे, त्याच्या चष्म्याच्या नंबरासकट. कोरडे महिने आहेत. आणि चौथ्या पानावर आहे: 'नोंदी गाळणारी ओळ प्रस्तुत तपासनीस हिनं लिहिली. तिच्या मर्यादेची सूचना तिनं दिली नाही. हे तिला ९ मार्चपासून माहीत होतं.' तारीख घालायची नव्हती. घातली.

अठ्ठावीसला मी वाचणार आहे. तू यायचंस की नाही ते तुझं तू बघ.

मावशी


१६ एप्रिल

बाळ,

त्या दिवशी समितीच्या खोलीतून तू जिन्यानं गेलास आणि मी लिफ्टची वाट पाहत राहिले, त्यामुळे बोलणं झालं नाही. नाही तरी तिथे बोलले असते तर चुकीचं काही बोलले असते. तुझी तुकडी मोडली, अकरातले नऊजण दुसरीकडे पाठवले आणि तुला तळमजल्यावरची खोली दिली, हे तुझ्या आईकडून कळलं. तिनं या वेळी चप्पल काढली होती.

त्या बैठकीबद्दल लिहायचं आहे. तू तिथे होतास, पण तू तुझ्या बाजूनं पाहिलंस.

मी अहवाल वाचला. चौथं पानही वाचलं, तारखेसकट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती माणसं घड्याळं बघत होती. त्यांना चूक कुणाची यात काडीचा रस नव्हता. एवढी वर्षं मी ज्या नामुष्कीला भीत होते, ती समोर मांडली आणि कुणी उचलूनही पाहिली नाही. आपण स्वतःला केवढे समजत असतो!

इस्पितळाच्या संचालकांना हवा होता फक्त एक शब्द. आठवतं ना? "ठीक आहे, खांब वाकतो. मग त्याला पत्रा ठोका, सावली करा, जाडा खांब लावा. पूल पाडणारे यंत्रं घेऊन तयार आहेत, आता त्यांना थांबवायचं का? साहेब, तुम्ही सांगा. खांब दुरुस्त केला तर लिंक चालेल ना? हो की नाही?"

सगळे तुझ्याकडे वळले. मीही वळले. आणि खरं सांगते, मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. तू 'हो' म्हणणार याची मला खात्री होती. 'हो' म्हटलं असतंस तर तुझी खोली, तुझी माणसं, तुझी पुस्तिका, सगळं वाचत होतं. खांबाचं खापर खांबावर, नोंदींचं माझ्यावर, आणि तू मोकळा. मी तुला तेवढाच ओळखत होते.

तू उभा राहिलास. म्हणालास, "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ओले महिने मी पाहिलेलेच नाहीत. खांब सरळ केला तर दुपारचं तुटणं बहुतेक थांबेल. दमट हवेत काय होईल ते मला सांगता येत नाही. एक वर्ष मोजू द्या. एकही सेकंद न गाळता. तोवर नदीखालून केबल टाका, आणि ती चालू होईपर्यंत पूल पाडू नका."

"अहो, पण अहवालात तुम्हीच लिहिलंय..."

"लिहिलं होतं. चुकीचं होतं."

संचालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही घरी काही ठरवून आला होतात का?" मी म्हटलं, "आम्ही सहा वर्षं घरी बोललेलोच नाही." मला वाटतं तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

तुझं कौतुक करायला हे पत्र नाही. माहीत नसलेल्या गोष्टीला माहीत नाही म्हणणं हे पराक्रमात मोडत नाही. ती आपल्या धंद्याची पहिली पायरी आहे, आणि तू ती चाळिशीत चढलास. मी साठी ओलांडून चढले, तेव्हा मला फार बोलायला तोंड नाही. ज्यांना हो-नाहीपलीकडे काही ऐकू येत नाही, त्यांच्यासमोर ते तीन शब्द उच्चारायला काय लागतं, एवढं मात्र मला आता कळतं.

काल पंधरा तारीख होती. पूल उभा आहे. संध्याकाळी फिटरचा फोन आला. म्हणाला, "बाई, दिवा गेला बघा, एक अठ्ठेचाळीसला. आता मी वहीत मांडून ठेवतो, तुमच्या यंत्राचा भरवसा नाही." मग डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला. नव्या इमारतीत टेबलावर एक बाई होती, दोन लेकरांची आई. गाठ जबड्याखाली, चेहऱ्याच्या नसेला चिकटून. अंदाजानं जास्त कापलं असतं तर तिचा अर्धा चेहरा कायमचा लुळा पडला असता. एक पंचावन्नला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुझी लिंक तेव्हा बंद होती. चित्र पुलावरच्या केबलीतून आलं. बाईंनी दोनदा पाहिलं, कडेनं फिरून पाहिलं, आणि पलीकडे सांगितलं, "कडा स्वच्छ आहेत. नसेला हात लावू नका. शिवा."

चार वाजता तिला वॉर्डात आणलं. जाग आल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि पेला तोंडाला लावून, एक थेंबही न सांडता, प्यायली.

मावशी